पयले आमचं आयका

4 फेब्रुवारी 1930, मंगळवार. अजून पुरतं उजाडलेलं नाही. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी मागे टाकून तुम्ही नागपूर स्टेशनकडे निघालात. 1925 साली उघडलेली दगडी इमारत समोर दिसते. आजपासून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या कामगारांचा संप आहे.

मालधक्क्यापाशी थांबा. कापसाच्या गाठी रचून ठेवल्यात, संत्र्यांच्या टोपल्यांचा वास सुटलाय. तिथे उभ्या असलेल्या शंटिंगवाल्याचा हात बघा. दोन डब्यांच्या मधे शिरून जड कपलिंग उचलताना तळव्याला घट्टे पडलेत, एका बोटाचं पेरच नाही.

"पगारासाठी का, भाऊ?" तुम्ही विचारता.

"पगार त पाहिजेच. पन युनियनचं म्हननं साहेबानं बसून आयकलं पाहिजे का नाही? पयले ते."

त्याने नेमकं दुखणं सांगितलं. 1926 च्या कायद्याने युनियनची नोंदणी होते, पण तिच्याशी बोलायचं बंधन मालकावर नाही. कागदावर युनियन आहे, साहेबाच्या खोलीत तिला खुर्ची नाही.

संपाचे पुढारी नागपूरचेच, आर. एस. रुईकर. वेळ मात्र कठीण आहे. दोनच महिन्यांपूर्वी याच शहरात नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचं, म्हणजे देशभरच्या युनियनांच्या महासंघाचं, अधिवेशन झालं. सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार घालण्यासारख्या प्रश्नांवरून त्यात फूट पडली आणि मवाळ पुढारी ना. म. जोशींचा गट बाहेर पडला.

हा संप फसणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी त्या शंटिंगवाल्याला घरी जा म्हणू नका. तो जे मागतोय, ते कायद्यात उतरायला बराच काळ लागणार आहे. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या अनेक उद्योगांत युनियनला मान्यता देण्याची रीत ठरली.

आता आजच्या काळात परत या. त्याच सीताबर्डीत, मेट्रोच्या खांबांखाली, पाठीवर चौकोनी बॅग लावलेला पोरगा मोबाइलवर पुढच्या ऑर्डरची वाट बघतोय. उद्या त्याचा आयडी बंद झाला, तर त्याने कुणाचं दार ठोठावायचं? एकट्याचं गाऱ्हाणं कुणीही कानाआड करतं. संघटनेला उत्तर देणं भाग पडतं, तेव्हाच कामगाराचा मान राहतो. ही पोरं एकत्र येऊन संप करतील, त्या दिवशी आपलं पार्सल उशिरा येईल. येऊ द्या. आपण त्यांच्या बाजूने उभं राहायचं.