पूल पडला आणि आपण माणूस शोधत बसलो

इयरफोन लावलेत ना? आजची गोष्ट फार जुनी नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती लाइव्ह पाहिली आहे. पाहिली, पुढे पाठवली आणि विसरून गेलात. मीही तेच केलं. म्हणून आज एक कबुली देऊन सुरुवात करतो.

२६ मार्च २०२४, मंगळवार. धुळवडीचा दुसरा दिवस, नखांतला रंगही अजून गेला नव्हता. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत आले होते, तेव्हा अमेरिकेत बाल्टिमोरला रात्रीचा दीड वाजत होता. तिथला फ्रान्सिस स्कॉट की पूल एका मालवाहू जहाजाच्या धडकेने काही सेकंदांत पाण्यात गेला. दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या फोनवर दोन व्हिडिओ आले. एकात जहाजाचे दिवे जातात, येतात, पुन्हा जातात आणि पूल काड्यापेटीच्या काड्यांसारखा कोसळतो. दुसऱ्यात पुलावर मोठा स्फोट होतो. ‘बघा, हा अपघात नाहीच!’ मी तो दुसरा व्हिडिओ दोन ग्रुपवर टाकला.

तो बाल्टिमोरचा नव्हताच. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिमियाच्या पुलावर झालेल्या स्फोटाचा होता. मला हे कळलं तेव्हा ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची वेळ निघून गेली होती.

आजचा भाग पूल कसा पडला यापेक्षा, पूल पडल्यावर लोक काय बोलले यावर आहे. लोकांच्या त्या बोलण्यालाही एक इतिहास आहे.

आधी घटना नीट समजून घेऊ. जहाजाचं नाव ‘डाली’. लांबी जवळपास ३०० मीटर, म्हणजे तीन फुटबॉल मैदानं एकापुढे एक. झेंडा सिंगापूरचा, जायचं होतं कोलंबोला. कर्मचारी २१, त्यातले २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा. शिवाय बंदरातून बाहेर काढायला दोन स्थानिक पायलट. हा विमानाचा पायलट नव्हे बरं का. बंदराची खडानखडा माहिती असलेला वाटाड्या असतो, जहाजाला सुखरूप खोल पाण्यात नेऊन सोडतो.

पुलापासून थोड्याच अंतरावर जहाजाची वीज गेली. ती परत आली आणि पुन्हा गेली. इंजिन बंद पडलं. पायलटने सुकाणू वळवायला सांगितलं, नांगर टाकायला सांगितला आणि धोक्याचा इशारा दिला. तो निरोप पोलिसांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या. हे सगळं दीड मिनिटाच्या आतबाहेर. म्हणून त्या रात्री एकही प्रवासी गाडी पाण्यात गेली नाही.

पण पुलावर आठ जण होते. रात्रपाळीत रस्त्यावरचे खड्डे बुजवणारे कामगार आणि त्यांच्यासोबतचा निरीक्षक. दोघं वाचले, सहा गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोरहून पोट भरायला आलेली माणसं. शेवटचा मृतदेह मिळायला मे महिना उजाडला.

आता प्रतिक्रिया. पहिल्या काही तासांतच ‘सायबर हल्ला झाला’ असं सुरू झालं. हल्ल्याचा कुठलाही पुरावा नाही, असं एफबीआयने सांगूनही ते थांबलं नाही. मग आलं, ‘कॅप्टन युक्रेनचा होता.’ नव्हता. मग शहराचे महापौर ब्रँडन स्कॉट यांच्यावर गाडी घसरली. ते कृष्णवर्णीय आहेत, म्हणून त्यांना ‘विविधतेच्या कोट्यातला महापौर’ म्हणून हिणवण्यात आलं. माणूस मतदानाने निवडून आला होता, आणि महापौर काही जहाज चालवत नाही!

मग पाळी भारतीयांची. एक व्यंगचित्र फिरलं. जहाजावर लंगोट लावलेली, भेदरलेली, आरडाओरड करणारी माणसं. म्हणजे आपण. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी वेळेवर इशारा दिल्याबद्दल जहाजावरच्या लोकांचे आभार मानले. लगेच आपल्याकडे दुसरी लाट आली: ‘भारतीयांनी अमेरिकेला वाचवलं!’ खरं सांगू? मला दुसरी लाट आवडली होती. पण नीट पाहिलं तर दोन्ही लाटा एकाच पाण्याच्या. चौकशी सुरूही झाली नव्हती आणि आपल्याला एक चेहरा हवा होता. शिव्या घालायला किंवा हार घालायला.

ही सवय मोबाइलने लावली असं वाटत असेल तर ४४ वर्षं मागे चला.

९ मे १९८०. अमेरिकेतल्याच फ्लोरिडात टँपा बे नावाची खाडी आहे. तिच्यावरच्या सनशाइन स्कायवे पुलाकडे ‘समिट व्हेंचर’ नावाचं जहाज येत होतं. अचानक वादळी पाऊस आला आणि समोरचं दिसेनासं झालं. जहाज पुलाच्या खांबावर आदळलं, रस्त्याचा मोठा तुकडा खाली गेला आणि धावत्या गाड्या एकामागून एक त्या पोकळीत पडल्या. ३५ माणसं गेली, त्यातली २६ एकाच बसमधली. पायलट होता जॉन लेरो. चौकशीत तो दोषी ठरला नाही आणि कामावर परतला. पण लोकांच्या तोंडी ‘पूल पाडणारा’ हीच त्याची ओळख राहिली. पुढे आजारपणाने त्याचं काम सुटलं, २००२ मध्ये तो वारला. त्या सगळ्या वर्षांत त्याचं नाव त्या पुलापासून कधी वेगळं झालं नाही.

आता खरी मेख ऐका. त्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८० रोजी, ‘ब्लू नागोया’ नावाचं मालवाहू जहाज दुसऱ्या एका पुलाजवळ येत असताना त्याची वीज गेली आणि ते खांबावर आदळलं. कुठला पूल? बाल्टिमोरचाच, फ्रान्सिस स्कॉट की! तेव्हा तो उघडून तीनच वर्षं झाली होती. जहाज छोटं, जेमतेम ३९० फुटांचं. खांबाभोवतीच्या संरक्षणाचं नुकसान झालं, पुलाला किरकोळ खरचटलं. कोणी मेलं नाही, म्हणून कोणी आरडाओरडही केली नाही. ‘डाली’च्या ४४ वर्षं आधी त्याच पुलाला त्याच कारणाने धडक बसली होती. पण आपण रागावतो ते मेलेल्या माणसांमुळे, वाचलेल्या खांबामुळे नाही.

फ्लोरिडाने मात्र धडा घेतला. १९८७ मध्ये नवा स्कायवे उघडला तेव्हा त्याच्या खांबांभोवती जहाज अडवणारी भक्कम संरक्षणं उभी होती. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत नवा पूल बांधताना जहाजाच्या धडकेचा हिशोब करणं बंधनकारक झालं. नियम नव्या पुलांना. जुने राहिले तसेच. दरम्यान जहाजं फुगत गेली, कारण तुमचा-माझा फोन, बूट, फ्रीज हे सगळं त्यांच्याच पोटातून येतं.

आता चौकशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, मार्च २०२५ मध्ये सांगितलं की या पुलाला जहाजाच्या धडकेचा धोका मान्य मर्यादेच्या जवळपास ३० पट होता. तो धोका कोणी मोजलेलाच नव्हता. असे न मोजलेले ६८ पूल त्यांनी दाखवून दिले. त्यात सिनेमांतून आपल्या ओळखीचे गोल्डन गेट आणि ब्रुकलिनसुद्धा आहेत. ते उद्या पडतील असं नाही. पण मोजलं नसेल तर ठाऊक तरी कसं होणार?

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटचा निष्कर्ष आला. वीज पहिल्यांदा का गेली? एका सुट्या वायरमुळे. वायरच्या टोकाशी तिच्या नावाची बारीक पट्टी गुंडाळलेली असते. ती चुकीच्या जागी बसल्यामुळे वायर तिच्या खाचेत पूर्ण आत गेली नव्हती. एवढंच. पायलट आणि कर्मचारी यांनी जे केलं ते वेळेत केलं, पण पूल इतका जवळ होता की कशाचाच उपयोग झाला नाही, हेही चौकशीत आलं. याचा अर्थ जहाजावर सगळं आलबेल होतं असा नाही. इंधनाचा एक पंप असा वापरला जात होता की वीज गेल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होत नव्हता. दुसऱ्यांदा अंधार झाला तो त्यामुळे. चुका होत्या. पण त्या कुणाच्या कातडीच्या रंगात नव्हत्या.

आणि एक मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला. गाड्या अडवा, हा निरोप पोलिसांना गेला. त्याच वेळी तो कामगारांनाही मिळाला असता, तर पुलाच्या न पडलेल्या भागापर्यंत गाडी घेऊन जायला त्यांना कदाचित वेळ मिळाला असता, असं एनटीएसबी म्हणते. म्हणजे त्या पहाटे विचारायचा खरा प्रश्न ‘जहाज कोण चालवत होतं?’ हा नव्हता. तो होता, ‘वर काम करणाऱ्यांना कोणी कळवलं का?’ हा प्रश्न ट्रेंड झाला नाही.

प्रतिक्रियेची आणखी एक बाजू आहे, कमी दिसलेली. बाल्टिमोरच्या लॅटिनो वस्तीत चर्चमध्ये त्या सहा जणांसाठी प्रार्थना झाल्या. जहाजावरची आपली पोरं जून उजाडला तरी तिथेच अडकून होती. चौकशीसाठी एफबीआयने त्यांचे फोन नेले होते. तेव्हा स्थानिक स्वयंसेवकांनी त्यांना सिमकार्डं आणि गरजेच्या वस्तू पोहोचवल्या, घरी बोलता यावं म्हणून. घरातलं कोणी मर्चंट नेव्हीत असेल, तर त्या एका फोनची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. जगभर त्यांची टिंगल चालू असताना त्या शहराने, ज्याचा पूल पडला होता, त्यांची विचारपूस केली.

‘डाली’च्या वायरचं उत्तर यायला जवळपास वीस महिने लागले. माझा व्हिडिओ पुढे जायला दोन सेकंद लागले होते. हा भाग लिहायच्या आधी मी त्या दोन्ही ग्रुपवर जाऊन लिहिलं, ‘तेव्हा मी टाकलेला व्हिडिओ खोटा होता.’ एकाने अंगठा दाखवला. बाकीच्यांना आठवतही नव्हतं.

भाग आवडला तर पुढे पाठवा. पण आधी पूर्ण ऐका, एवढीच विनंती. भेटू पुढच्या भागात!