हरलेल्यांनी राखलेलं सुवर्णपदक

आज आपण एका वेगळ्याच शर्यतीची हकीकत ऐकू या. तिचं नाव स्टीपलचेस.

जुन्या काळी आयर्लंड-इंग्लंडात एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत घोडे दौडवत. वाटेत बांध, कुंपण, ओढा, जे येईल ते ओलांडायचं. पुढे माणसंही तशी धावू लागली. आता मैदानावर ३००० मीटर धावताना २८ वेळा अडसर ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांध ओलांडणाऱ्या आपल्याला यातली दमछाक सांगायला नको!

इंग्लंडचे ख्रिस ब्रॅशर या शर्यतीत धावायचे. तेव्हा पैसे घेऊन धावणाऱ्याला ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती. ब्रॅशर तेल कंपनीतली नोकरी सांभाळून सराव करत. १९५२ साली हेलसिंकीला ते अकरावे आले. १९५४ साली रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल चार मिनिटांच्या आत पार केला, तेव्हा सुरुवातीला पुढे धावून वेग बांधून देणारे ब्रॅशरच होते. नाव मात्र बॅनिस्टरांचं झालं.

१९५६ साली मेलबर्नला ब्रॅशर यांच्याकडून कुणाला फारशी आशा नव्हती. पण शेवटच्या फेरीत त्यांनी मुसंडी मारली आणि ८ मिनिटं ४१.२ सेकंदांत पहिले आले. लगेच जाहीर झालं, ब्रॅशर बाद! अडसरापाशी त्यांनी नॉर्वेच्या एर्न्स्ट लार्सन यांना अडवलं, असा ठपका होता.

आता सुवर्णपदक हंगेरीच्या शांडोर रोझन्योई यांना मिळणार होतं, रौप्य लार्सन यांना आणि चौथे आलेले जर्मनीचे हाइन्झ लाउफर यांना कांस्य. ब्रॅशर यांनी दाद मागितली. तेव्हा या तिघांनीही त्यांचीच बाजू घेतली. धक्का लागला खरा, पण त्यानं निकालात फरक पडला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पंचांनी निर्णय फिरवला. ब्रॅशर यांना सुवर्ण मिळालं, लाउफर यांच्या हाती काहीच राहिलं नाही. ब्रॅशर यांनी पुढे १९८१ साली मित्र जॉन डिस्ली यांच्यासह लंडन मॅरेथॉन सुरू केली.

बायकांना ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावायला मिळाली ती थेट २००८ साली. आणि २०१६ साली रिओला आपल्या साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तिच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली.

मैत्रिणींनो, गटात कर्जाचा नंबर आपला लागतोय, पण हक्क दुसरीचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नाही. अशा वेळी आपण लाउफर यांच्यासारखं बोलू का? येत्या बैठकीत यावर जरूर बोला.