मुंबईचे चौरंगी सामने आणि त्यांचा प्रेक्षक

मुंबईच्या चौरंगी व पुढे पंचरंगी झालेल्या क्रिकेट सामन्यांचा विचार बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. एक अंग खेळाडूंच्या पराक्रमाचे, दुसरे जातीय राजकारणाचे. ह्या दोन्ही प्रकारच्या विवेचनांत प्रेक्षक येतो तो संख्येच्या रूपाने. अमुक हजार लोक जमले, एवढे सांगितले की त्याचे काम संपते. वस्तुतः ज्याच्यासाठी तंबू उभे राहिले, ज्याच्या तिकिटावर जिमखान्यांचे अर्थकारण चालले, आणि ज्याच्या मनावर सामन्यांचा अनिष्ट परिणाम होतो म्हणून अखेर ते बंद करण्यात आले, तो प्रेक्षकच ह्या संस्थेचा मध्यबिंदू होता. त्याची पक्षनिष्ठा कोणत्या जातीची होती, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरत नाही.

ह्या निष्ठेचा पाया मैदानाच्या भांडणात घातला गेला. इ. स. १८८० च्या आगेमागे एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी व हिंदू तरुण क्रिकेट खेळत, आणि त्याच जमिनीवर युरोपियन मंडळी घोडे घालून पोलो खेळत. टापांनी जमीन उखडली जाई. पुढे क्रिकेट खेळणे अशक्य होई. तद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले; त्या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी ह्यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटच्या बखरीत विस्ताराने दिली आहे. ह्या तक्रारींच्या अनुषंगाने पुढे मरीन लाइन्सच्या समुद्रकाठी पारशी, हिंदू व मुसलमान जिमखान्यांना शेजारी शेजारी जागा मिळाल्या. जमीन धर्मवार वाटली गेली, तेव्हा संघही धर्मवार झाले आणि बसण्याचे तंबूही. प्रेक्षक कोठे बसणार हे त्याच्या जन्मावरून ठरू लागले. युरोपियनांच्या बाँबे जिमखान्यात तर एतद्देशीयांना सभासदत्वच नव्हते.

१८९० च्या जानेवारीत पारशी संघाने व्हर्नन ह्यांच्या इंग्रज संघाचा पराभव केला आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. हिंदूंचा प्रवेश १९०७ साली, मुसलमानांचा १९१२ साली. दुरंगीचे तिरंगी व तिरंगीचे चौरंगी होण्याची ही वीस वर्षे. ह्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: सामन्यांना ऋतू मिळाला. दसरा-दिवाळीची जशी वाट पाहावी तशी लोक चौरंगीची वाट पाहू लागले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मुंबईबाहेरील एक तुलना उपयोगी पडेल. सोव्हिएत रशियात बर्फावरील हॉकीची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झाली. मुंबईचे पंचरंगी सामने ज्या वर्षी मिटले तेच हे वर्ष, हा केवळ योगायोग. पहिले अजिंक्यपद मॉस्कोच्या दिनामो संघाने मिळविले. तेथील संघ संस्थांशी जोडलेले होते: एक सैन्याचा, दिनामो हा अंतर्गत सुरक्षेच्या खात्याचा, स्पार्टाक हा सहकारी व कामगार संघटनांच्या छायेतील. मॉस्कोतील मनुष्य ह्यांपैकी कोणाच्या बाजूने ओरडणार हे त्याच्या जन्मदाखल्यावर लिहिलेले नव्हते. सैन्याचा वा पोलिसांचा संघ नको म्हणून स्पार्टाकचा आश्रय करणारे पुष्कळ होते, आणि त्या निवडीत काही एक बोलणे असे. मुंबईच्या प्रेक्षकाला अशी निवड कागदोपत्री मुळीच नव्हती. तो जन्माने हिंदू, पारशी, मुसलमान वा युरोपियन असे, आणि त्याचा संघ त्याच्या आधी ठरलेला असे. प्रश्न असा की, निवड नसतानाही त्याने ती केली काय? पुराव्यावरून उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

ह्याचा सर्वांत बोलका दाखला पाळवणकर बंधूंचा. बाळू पाळवणकर चर्मकार कुटुंबातले. पुण्याच्या युरोपियन क्लबात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखता राखता साहेब लोकांना गोलंदाजी करून हा डावखुरा गोलंदाज घडला. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. परंतु चहाच्या वेळी त्याचा चहा मंडपाबाहेर आणि मातीच्या भांड्यातून. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हाती फिरे. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. ह्या विजयाचा अर्थ सुधारकांनी तत्काळ ओळखला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्यात अस्पृश्यतानिवारणाला अनुकूल असा धडा पाहिला. राज्यकर्त्यांना जिंकायचे तर सोवळे बाजूला ठेवावे लागते, हे प्रेक्षकांपुढे उघड्या मैदानावर घडले होते. अर्थात तंबूत टाळी वाजविणारा गृहस्थ घरी जाऊन स्नान करीत नसेलच असे कोणी समजू नये. टाळी ही परिवर्तनाची सुरुवात असते, पुरावा नव्हे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले आणि नियोजित कर्णधार पै ह्यांच्या गैरहजेरीत नेतृत्व प्रा. दि. ब. देवधर ह्यांना दिले. विठ्ठल व शिवराम ह्या बंधूंनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. ज्येष्ठता व कर्तबगारी डावलली जाते ती केवळ जातीमुळे, हा त्यांचा आक्षेप होता. ह्या पत्रकाने प्रेक्षकवर्गापुढे पेच उभा केला. हिंदू संघाचा पाठीराखा म्हणजे नेमका कोणाचा पाठीराखा? तो काळही लक्षात घ्यावा: त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचा ठराव केला. अंतिम सामन्यासाठी बाळूंना संघात परत घेऊन उपकर्णधार केले, बंधू परतले, आणि पै मैदानाबाहेर असताना काही काळ संघाचे सूत्र बाळूंच्या हाती आले. १९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांवर विजय मिळाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. ते खांदे बहुतांशी सवर्णांचे होते. ज्यांचा स्पर्श एरवी वर्ज्य मानला जाई त्यांना उचलून घेण्याची ही कृती कोणा पुढाऱ्याच्या आज्ञेवरून झालेली नव्हती. म्हणून तिचे मोल निराळे आहे.

प्रेक्षकांच्या संख्येत मोठी वाढ झाली ती एका खेळाडूमुळे. १ डिसेंबर १९२६ रोजी बाँबे जिमखान्यावर एम. सी. सी. विरुद्ध खेळताना नागपूरचे सी. के. नायडू ह्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. दोन तासांच्या आत हा प्रकार झाला. वार्ता शहरात पसरली तसे लोक मैदानाकडे धावले. झाडे आणि आसपासची छपरे भरून गेली. तिकीट काढून तंबूत बसणारा प्रेक्षक आणि झाडावर चढून पाहणारा प्रेक्षक हे दोन वर्ग होत, आणि दुसऱ्या वर्गाची नोंद जिमखान्यांच्या हिशेबात कोठेच होत नाही. झाडावर धर्मवार जागा राखून ठेवलेल्या नसत.

१९३० ते १९३३ ह्या काळात कायदेभंगाच्या चळवळीमुळे सामने झाले नाहीत. १९३४ साली ते पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी आकाशवाणीवरून ए. एफ. एस. तल्यारखान ह्यांचे इंग्रजीतील धावते वर्णन सुरू झाले. तल्यारखान सारा दिवस एकटेच बोलत. सोबतीला दुसरा वर्णनकार त्यांना खपत नसे. आता तंबू नसलेला, झाड नसलेला असा तिसरा प्रेक्षक निर्माण झाला. तो जेथे रेडिओ तेथे, इराण्याच्या दुकानात वा रस्त्यावर.

ह्याच सुमारास, १९३४ साली, प्रांतवार खेळली जाणारी रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. धर्माऐवजी प्रांत ही निष्ठेची कसोटी अधिक निकोप, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. परंतु प्रांत तरी कोणते? मराठी मनुष्याचे तीन तुकडे झाले. पुण्याचा महाराष्ट्र संघ आणि मुंबईचा संघ एकमेकांविरुद्ध खेळू लागले. १९४०-४१ मध्ये पुण्यास महाराष्ट्राने ६७५ आणि मुंबईने ६५० धावा केल्या. त्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांच्या २४६ होत्या. ह्या सामन्यात मुंबईकर मराठी प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यावी? आणि आज जालना जिल्ह्यात मोडणारे वाटूर व त्याच्या आसपासचा सारा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात. त्या हिशेबाने तेथील मराठी माणसाचा संघ हैदराबादचा, ज्याने १९३७-३८ साली रणजी करंडक जिंकला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा ही नेमणूकही बदलली. प्रांतनिष्ठा ही धर्मनिष्ठेहून कमी कृत्रिम होती असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे होईल. तिच्यात विद्वेष कमी होता, एवढे खरे.

प्रेक्षकाचे महत्त्व उघडपणे मान्य झाले ते १९३७ साली, आणि तेही भांडणाच्या निमित्ताने. सामने नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर गेले. 'दि रेस्ट', म्हणजे उरलेले, हा पाचवा संघ त्याच वर्षी आला व चौरंगीचे पंचरंगी झाले. सभासदांसाठी मिळणाऱ्या आसनांचा वाटा अपुरा आहे, ह्या कारणावरून हिंदू जिमखान्याने त्या वर्षी भागच घेतला नाही. पहिला पंचरंगी सामना हिंदूंवाचून झाला. ज्या स्पर्धेच्या बाजूने खिलाडू वृत्ती, बंधुभाव इत्यादी मोठे शब्द वापरले जात, ती खुर्च्यांच्या संख्येवर अडली, ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. खुर्ची म्हणजे उत्पन्न आणि खुर्ची म्हणजे प्रतिष्ठा.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींना भेटले. देशातील कार्यकर्ते तुरुंगात जात असताना हे सामने व्हावेत हे गांधीजींना रुचले नाही आणि खेळातील जातवार विभागणीही त्यांना मान्य नव्हती. हिंदू संघ त्या वर्षी उतरला नाही. 'बाँबे क्रॉनिकल'मधून जे. सी. मैत्र ह्यांनी सामन्यांविरुद्ध लेखणी चालविली. १९४१ साली स्टेडियमच्या दारांवर निरोधन झाले. विरोधकांचा युक्तिवाद नैतिक दृष्ट्या भक्कम होता. तथापि सामन्यांमुळेच दंगे पेटतात असे जे सूचित केले जाई, त्याला मैदानावरील पुरावा फारसा नाही.

किंबहुना १९४३ च्या हंगामात प्रेक्षकांचे लक्ष वेगळ्याच दिशेला वळलेले दिसते. पंचरंगीतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २४३ चा होता. सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे ह्यांनी 'रेस्ट'कडून मुसलमानांविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट ह्यांनी हिंदूंकडून नाबाद २५० केल्या. आणि फॉलोऑननंतरच्या डावात हजारे ह्यांनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्यांचे बंधू विवेक ह्यांनी एक बाजू लावून धरली: दोघांच्या ३०० धावांच्या भागीत विवेक ह्यांच्या २१. 'रेस्ट' हरले. परंतु त्या हंगामात लोक मोजत होते ते मर्चंट आणि हजारे ह्यांचे आकडे. लवकरच मर्चंट ह्यांनी रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून ह्या हिशेबाला पुन्हा उत्तर दिले. 'उरलेले' म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांच्यातील एका खेळाडूने धर्मवार बांधलेल्या आसनांवरील लोकांना धर्म बाजूस ठेवून आकडेमोड करावयास लावले. निवड नसलेल्या प्रेक्षकाने निवड केली ती अशी.

पुढच्याच हंगामात अंतिम सामना हिंदू व मुसलमान ह्यांच्यात झाला. के. सी. इब्राहिम नाबाद १३७ धावा करून अखेरपर्यंत टिकले आणि मुसलमान संघ एका गड्याने जिंकला. बाहेर पाकिस्तानची मागणी ऐन भरात असताना, एका गड्याच्या फरकाने निकाल लागलेला हा सामना पार पडला आणि लोक घरी गेले. १९४५-४६ च्या स्पर्धेत हिंदूंनी पारशांना हरविले. १९४६ नंतर ती भरली नाही. बंद होण्याच्या वेळी प्रेक्षक आटले होते असे म्हणता येत नाही. निर्णय त्यांच्या डोक्यावरून झाला, आणि त्या वर्षांतील रक्तपात पाहता तो टाळता येण्याजोगाही नव्हता.

दोन वर्षांनी, १९४८ साली, विठ्ठल पाळवणकर ह्यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीतून प्रसिद्ध झाले. चौरंगीवरील इतर बहुतेक लेखन इंग्रजीत असताना एका चर्मकार कर्णधाराने आपली हकीकत ज्यांनी तंबूतून, झाडावरून वा रेडिओवरून हे सामने अनुभवले होते त्यांच्याच भाषेत लिहून ठेवली.