न खपलेला नांगर

बेळगावातल्या किर्लोस्कर रस्त्यावरून आपण सगळ्याच जातो. साड्या, भांडी, औषधं, सगळं तिथं आसपास मिळतं. पण त्या नावामागं एक न खपलेली वस्तू आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. या लेखात मला त्या वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. आपल्या भागातल्या बहुतेक जैन घरांचं मूळ शेतीत आहे, म्हणून तो आपल्याही घरचा इतिहास आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येईनात. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले. इकडे बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा. दोघा भावांनी 1888 साली सायकलींचं दुकान काढलं. पुढं नोकरीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली आणि ते कायमचे गावी आले.

आता सायकल त्या काळी कोण घेणार? साहेब, वकील, डॉक्टर, मोठे कारकून. ज्याच्या हातात पैसा आहे, त्याला हवी ती वस्तू परगावाहून आणून विकायची, हा सरळ व्यापार झाला. आपल्या समाजात तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्यानं नवं गिऱ्हाईक जन्माला येत नाही. असलेल्या गिऱ्हाइकाचा पैसा एका पेढीतून दुसऱ्या पेढीत जातो, एवढंच.

लक्ष्मणरावांचं लक्ष गेलं ते दुकानाची पायरी कधी न चढणाऱ्या माणसाकडं, म्हणजे शेतकऱ्याकडं. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला.

लाकडी नांगर आपल्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. तो जमीन चिरतो, पालथी करत नाही. वरची ढेकळं मोकळी होतात, खाली हराळी आणि कुंदा तसाच राहतो. लोखंडी नांगराला वाकडा पत्रा असतो, त्यामुळं माती उचलली जाऊन उलटी पडते आणि तणाची मुळं वर येऊन उन्हात वाळतात. विलायतेहून असे नांगर येत होते. पण ते महाग, आणि मोडला तर सुटा भाग कुठून आणायचा? गावच्या लोहाराला तो ओतता येणार नाही. म्हणजे वस्तू होती, गरजही होती, आणि तरी दोघांची गाठ पडत नव्हती.

लक्ष्मणरावांनी नांगर तयार केला आणि तो कुणी घेईना. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. आज आपण याला हसतो. मला मात्र हसू येत नाही. ज्याच्याकडं एकच हंगाम आहे, सावकाराचं देणं आहे, तो माणूस आपल्या जमिनीवर कुणाच्या तरी नव्या कल्पनेचा प्रयोग कसा करू देईल? पीक बुडालं तर नांगरवाला काही घरात धान्य भरणार नव्हता. गरिबाच्या ‘नको’ला आपण अडाणीपणा म्हणतो, पण त्यात पुष्कळदा हिशोब असतो. नवी वस्तू फसली तर नुकसान कोण सोसणार, हा तो हिशोब.

म्हणून खरं काम नांगर तयार झाल्यावर सुरू झालं. शेतात नेऊन चालवून दाखवायचा, शेतकऱ्याचं म्हणणं ऐकायचं, झिजणारा भाग सुटा करायचा, म्हणजे सगळा नांगर टाकून न देता तेवढाच बदलता येईल. विलायती मालापेक्षा हा नांगर स्वस्त होता, हे खरं. पण नुसत्या स्वस्ताईनं तो खपला नाही. मोडल्यावर दुरुस्त करणारा माणूस जवळ आहे, ही खात्री त्याच्याबरोबर मिळाली, म्हणून तो खपला. आमच्याकडं परड्यात गोठ्याच्या भिंतीला टेकून एक जुना लोखंडी फाळ अजून आहे. किती झिजलाय बघा! झिजलेला फाळ म्हणजे वापरलेला फाळ.

त्यातच बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तिथं नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती. औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलेलं होतं, त्यामुळं तिथल्या संस्थानिकांशी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी, ओळख होती. त्यांनी कुंडल स्टेशनाजवळ माळरान दिलं आणि पैशाचंही साहाय्य केलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर मार्च 1910 मध्ये वस्ती सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. मिरजेहून पुण्याकडं जाताना ते स्टेशन लागतं.

पहिलं महायुद्ध आलं आणि विलायती नांगर येणं थांबलं. वाडीच्या नांगराला मागणी आली, पण कच्चं लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूर दरबाराकडच्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या आणि त्यांचे नांगर ओतले. जी धातू माणसं मारायला ओतली होती, ती शेत नांगरायला गेली. मला या साऱ्या इतिहासात हे फार मोलाचं वाटतं.

मग नांगरामागून उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, पाण्याचे पंप आले. एकेका वस्तूमागं माणसं उभी राहिली. साचे करणारे, ओतारी, सुतार, लोहार, गावोगाव माल पोचवणारे गाडीवान, तालुक्याचे दुकानदार. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही वाडीनं काम दिलं, पहाऱ्यावर ठेवलं. शेतकऱ्याला नांगर विकत घेता आला म्हणून ओताऱ्याला मजुरी मिळाली, आणि ओताऱ्याच्या घरात पैसा आला म्हणून दुकान चाललं. बाजार असा मागून येतो. आधी ‘याला काय परवडणार’ म्हणून सोडून दिलेल्या माणसाला कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून मान द्यावा लागतो.

पण सगळंच गोड सांगायला नको. काळ्या भारी जमिनीत लोखंडी नांगर ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. ज्याच्याकडं एकच जोडी, तो काय करणार? तो शेजाऱ्यांशी सावड करी, इर्जिक घाली, नाहीतर भाड्यानं नांगरून घेई. ज्याला जमीनच नव्हती, त्याला या नांगराचा थेट फायदा काहीच नव्हता. मिळाली तर कारखान्यात मजुरी. आणि नांगरानं उपटलेली हराळी पुढं वेचायची कुणी? बायकांनी. पुरुषाच्या हातचं अवजार बदललं, बाईची वाकलेली पाठ तशीच राहिली. गरिबी कमी होते ती सगळ्यांची एकदम नाही. एका पायरीवरच्यांना वर यायला मिळतं, खालच्या पायरीसाठी पुन्हा नव्यानं विचार करावा लागतो.

वाडीत तो विचार एका वेगळ्याच बाजूनं झाला. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचं पुढं चांगलं मासिक झालं. आणि 1930 साली त्याच वाडीतून ‘स्त्री’ मासिक निघालं. बायकांसाठी मासिकं त्याआधीही निघाली होती, पण बाई स्वतः वाचक आहे, तिला मत आहे, तिच्यासाठी दर महिन्याला अंक काढला तर तो टिकेल, हा भरवसा मोठा होता. ‘बायका कशाला वाचतात’ आणि ‘शेतकरी कशाला लोखंडी नांगर घेतोय’, ही दोन्ही वाक्यं मला तरी सख्ख्या बहिणी वाटतात. ‘स्त्री’ पुढं कित्येक दशकं चाललं. त्यात किती बायका लिहित्या झाल्या! नांगराच्या भट्टीशेजारी बायकांच्या शब्दांना जागा मिळाली, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगायला हवी की नाही?

हे सगळं मी आज का लिहिते, तेही सांगते. आपल्या समाजाला दानाची मोठी परंपरा आहे. पर्व आलं की गरजू बायकांना शिलाई यंत्रं वाटायची, फोटो काढायचा. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण वर्षभरानं त्या यंत्राचं काय झालं, पट्टा तुटला तर तो कुठं मिळतो, तिनं शिवलेलं परकर-पोलकं घ्यायला कोण येतं, हे विचारायला आपण जातो का? लक्ष्मणरावांनी नांगर फुकट वाटले असते तर ते कौतुकानं घेतले गेले असते आणि गोठ्यात पडून राहिले असते. नांगर खपेना, म्हणूनच ‘का खपत नाही’ हे त्यांना शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन विचारावं लागलं.

फुकट घेणारी बाई वस्तूला नावं ठेवत नाही, ती संकोचानं गप्प बसते. पैसे मोजणारी बाई मात्र नीट बोलते, ‘हे चालत नाही हो, हे असं करून द्या.’ तिचं हे बोलणं ऐकून घेण्यातच निम्मा उद्योग असतो. दान बंद करा असं मी म्हणत नाही. म्हातारी, आजारी, एकटी, यांना द्यायलाच हवं. पण हातपाय धड असलेल्या बाईला आपण किती दिवस फक्त घेणारी म्हणून बघायचं?

येत्या वर्षी आपल्या महिला मंडळानं यंत्रं वाटायच्या आधी एकच करावं. मागं ज्यांना दिली, त्यांच्या घरी जावं आणि कुठल्या यंत्राची सुई झिजली आहे ते बघावं. जिची झिजली असेल, तिला पुढं काय लागतं ते विचारावं. जिची कोरी असेल, तिच्याशी तर आधी बोलावं.