नकाशांत लिहिलेला धसईचा इतिहास

राजांच्या बखरी झाल्या. खेड्यांच्या बखरी बहुधा कोणी लिहिल्या नाहींत. तथापि धसईसारख्या गांवाचा इतिहास अगदींच अलिखित आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. सर्वेक्षण खात्याचा नकाशा पुढें पसरावा आणि तो सावकाश वाचावा. जुन्या नकाशांत 1 इंचांत 1 मैल मुलूख असे. पुढें 2 सेंटिमीटरांत 1 किलोमीटर दाखवूं लागले.

प्रथम तपकिरी रेषा पाहूं. एकाच उंचीचीं स्थळें जोडणाऱ्या ह्या रेषा मुरबाडकडे विरळ आहेत. पूर्वेस सह्याद्रीच्या कड्यापाशीं त्या एकमेकींस भिडतात. चढ जितका उभा, तितक्या रेषा दाट. ह्या भिंतींत जेथें फट सांपडली, तेथें मनुष्यानें वाट पाडिली. कल्याणचा माल जुन्नरकडे नेणारा नाणेघाट हा त्यांतलाच. घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहनांचा सुमारें 2000 वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. इकडे धसईनजीक सोनावळ्याच्या डोंगरांत गणपती गडदाचीं लेणीं आहेत. नकाशावरील बारीक तुटक रेषा ही पाऊलवाट खरी. पण ती कित्येकदां पक्क्या सडकेहून फार जुनी असते.

आतां नांवें वाचूं. सपाटीवर भातशेती व मोठीं गांवें. डोंगराच्या पायथ्याशीं, रानाच्या कडेला ठाकूरवाड्या, कातकरवाड्या व पाडे. उत्तम जमीन कोणास मिळाली व कोण कडेला राहिला, हें नकाशा न बोलतां सांगतो.

शेजारच्या शहापूर तालुक्यांत मात्र जुना व नवा नकाशा शेजारीं ठेवावा लागतो. तेथें 1892 सालीं तानसा तलाव पुरा झाला, 1957 सालीं मोडकसागर, आणि पुढें भातसा धरण झालें. मुंबईची तहान भागली. परंतु नव्या नकाशांत जेथें निळा रंग आहे, तेथें जुन्यांत वाटा व शेतें आहेत. निळ्या रंगावर बांधांचीं, उंबरठ्यांचीं नांवें छापीत नाहींत.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे : नकाशा घेऊन घरांतील वडीलधाऱ्यांजवळ बसावें, आणि ओढा, टेकडी, माळ, वाट ह्यांचीं त्यांच्या तोंडचीं नांवें पेन्सिलीनें त्यावर लिहून घ्यावीं. नकाशा पुन्हा छापतां येतो; सांगणारा माणूस गेला, म्हणजे तीं नांवें त्याच्याबरोबर जातात.