निठारीच्या आईबापांची तक्रार

नोएडा म्हटलं की उंच इमारती आणि एक्स्प्रेस वे आठवतात. आज याच शहरातल्या, सेक्टर 31ला लागून असलेल्या निठारी गावाबद्दल बोलू.

2005-06मध्ये तिथल्या गरीब, कष्टकरी कुटुंबांतली मुलं एकामागून एक नाहीशी होत होती. आईबाप पोलिसांकडे खेटे घालत. उत्तर ठरलेलं : पळून गेली असेल, येईल परत. 29 डिसेंबर 2006 रोजी डी-5 बंगल्याजवळच्या नाल्यातून कवट्या निघाल्या, तेव्हा देश हादरला.

बालहक्क म्हणजे शाळा, पोषण, बालमजुरीला बंदी, हे आपल्याला ठाऊक असतं. निठारीने त्याच्याही आधीचा हक्क दाखवला : मूल हरवलं तर आईबापांचं म्हणणं कागदावर उतरलं पाहिजे. सैन्यात हजेरीला एक जवान कमी भरला तरी शोध सुरू होतो. इथे मुलांची मोजदादच झाली नाही.

10 मे 2013 रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास करायचा.

खटल्याचं काय झालं? 2023मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढत आरोपींना सोडलं. 2025मध्ये शेवटच्या प्रकरणातही सुटका झाली. मुलं कोणी मारली, हे आईबापांना आजही कळलेलं नाही.

म्हणून सांगतो, 'चोवीस तास थांबा' असं कोणी म्हणालं तर थांबू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती हातात घेऊनच ठाण्याबाहेर पडा.