दुःखाचे कारण आणि उपायाचा धनी : डहाणू-तलासरीचा एक इतिहास

झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, कामात मन न रमणे आणि जगणेच जड वाटणे या लक्षणांना आजचे वैद्यक नैराश्य म्हणते. त्यांचे मूळ कोठे शोधायचे, या प्रश्नाला डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींच्या मुलखात गेल्या दीडशे वर्षांत भगत, सरकारी अधिकारी, किसान सभा आणि डॉक्टर यांनी निरनिराळी उत्तरे दिली. प्रत्येक उत्तरात उपाय कोणी करायचा याचाही निर्णय दडलेला होता, आणि म्हणूनच हा इतिहास केवळ समजुतींचा न राहता सत्तेचाही ठरतो.

पहिले उत्तर भगताचे होते. देवतांशी संवाद साधणारा आणि झाडपाल्याची औषधे जाणणारा हा पुरुष तांदळाचे दाणे पाहून, म्हणजे त्यांच्या मांडणीवरून कौल घेऊन, कोणत्या देवाचा नवस फेडायचा राहिला, कोणा पूर्वजाचे विधी चुकले किंवा कोणाची बाधा झाली हे सांगत असे. के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वारलींवरील इंग्रजी ग्रंथात या श्रद्धाविश्वाची तपशीलवार नोंद आहे. या पद्धतीत आजारी माणूस एकटा पडत नसे. त्याचे घर, मृत आप्त आणि शेजारी यांच्याशी असलेले संबंध तपासले जात आणि उपाय सर्वांच्या देखत होई. मात्र दोष भुताळीवर, म्हणजे चेटूक करणारी ठरवलेल्या स्त्रीवर आला की मारहाण आणि बहिष्कार तिच्या वाट्याला येत असे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरवले आहे.

ब्रिटिश अमलात दुःखाची कारणे वाढली, पण ती भगताच्या दाण्यांत दिसण्यासारखी नव्हती. जमिनीवर रोखीचा सारा बसला, १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरचे हक्क आकुंचित झाले आणि राबासाठी, म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी, लागणारा पाला-फाटाही वनखात्याच्या मर्जीवर आला. पावसाळ्यात धान्य संपल्यावर सावकाराकडून घेतलेली खावटी सुगीनंतर वाढीसह फेडावी लागे, आणि न फिटलेल्या कर्जापोटी जमीन त्याच्याकडे जाई. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण लग्नगडी होई, म्हणजे ते फिटेपर्यंत, प्रत्यक्षात बहुधा जन्मभर, पत्नीसह जमीनदाराकडे राबत असे. शिवाय बिनमोबदला श्रमाची वेठ होतीच. त्याच १८७८ सालच्या अबकारी कायद्याने परवान्याविना दारू गाळणे गुन्हा ठरवून ठेक्याच्या दारूतून महसूल मिळवला, आणि तरीही वारल्यांच्या दैन्याचे कारण त्यांचा आळस आणि व्यसन हेच असल्याचे अधिकारी आणि जमीनदार सांगत राहिले. या निदानाने दोष पीडितावर टाकला आणि मालकाला मोकळे केले.

हे निदान प्रथम सरकारी कागदातच डळमळले. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने वेठ, लग्नगडी पद्धत, मारहाण आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची नोंद केली. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी तेव्हा उंबरगाव तालुक्यात आणि आता तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे, शेतकऱ्यांची संघटना असलेल्या किसान सभेची परिषद तिचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने भरली आणि हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरी वेठ आणि लग्नगडी या प्रथा पुन्हा मूळ धरू शकल्या नाहीत. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथात या लढ्याबरोबरच भीतीने वाकलेल्या माणसांच्या मनात झालेला पालटही नोंदला आहे. नशीब म्हणून सोसलेल्या गोष्टीला करणारा कोणी आहे आणि ती थांबवता येते, हे उमगणे हाच त्या पालटाचा गाभा होता.

पुढे १९७८ मध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवले की, मोठे आघात आणि दीर्घकाळच्या अडचणी नैराश्याला वाट करून देतात, तर मन मोकळे करण्यासारखे जवळचे माणूस असल्यास त्यापासून बचाव होतो. झरीच्या परिषदेने पहिल्या गोष्टीवर घाव घातला होता. दुसरी गोष्ट, म्हणजे सोबत, भगताच्या घरगुती विधीतही होती आणि किसान सभेच्या मेळाव्यांतही. परंतु सर्वच नैराश्य परिस्थितीतून येते असे नाही. आनुवंशिकता, मेंदूतील बदल आणि शारीरिक आजार यांचाही त्यात वाटा असतो, त्यामुळे काहींना औषधोपचार अपरिहार्य ठरतात. १९८२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने असे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले.

आज लग्नगडी उरला नाही, पण वीटभट्टीसाठी आगाऊ उचल घेऊन हंगामभर घर सोडणारी कुटुंबे या मुलखात आहेत. नोव्हेंबर २०१८ पासूनच्या भूकंपमालिकेत धुंदलवाडी परिसरातील लोकांनी घराच्या भिंतींच्या भीतीने उघड्यावर रात्री काढल्या. अशा माणसाच्या निद्रानाशाची नोंद करताना झोपेच्या गोळीबरोबर त्याचे कर्ज, स्थलांतर आणि घराची अवस्था विचारात घेतली नाही, तर १९३९ पूर्वीचेच निदान नव्या शास्त्रीय भाषेत परत येते. आणि केवळ परिस्थितीकडे बोट दाखवून उपचार टाळले, तर आजारी माणूस पुन्हा सोसायला एकटा उरतो. डहाणू-तलासरीचा अनुभव असा की, कारण ठरवणे म्हणजे जबाबदारी वाटणे होय, आणि ती वाटणी रुग्ण, डॉक्टर, मालक आणि शासन या सर्वांमध्ये व्हावी लागते.